अनसिंगचा चालू लॅपटॉप

वाशिमहून जीप निघाली तेव्हा माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी होती आणि खिशात लेकीने लिहून दिलेले प्रश्न. मेव्हण्याकडे चार दिवस आलोच आहे, तर अनसिंगला स्वस्तात विकायला निघालेला जुना लॅपटॉप बघून यावा, असे घरच्यांनी ठरवले. लॅपटॉपमधले मला कळते ते एवढेच, की तो मिटतो.

दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले सोयाबीन. अनसिंगला उतरून आलुबोंडा (आपला बटाटेवडा) खाल्ला, जीभ पोळून घेतली आणि पत्ता विचारला. वडेवाला म्हणाला, "तुमीबी लॅपटॉपवालेच का? जा. सारे पाहून येतात, घेऊन कोणी येत नाही."

भर दुपारी त्या घराच्या खिडक्या लावलेल्या. दार सुनेने उघडले. आत टेबलावर लॅपटॉप उघडा, समोर सासू बसलेली. पडद्यावर पत्त्यांचा अर्धा डाव. म्हातारी दर थोड्या वेळाने कळांखालच्या चौकोनावर बोट फिरवत होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर फिरवावे तसे. तिथला रंग उडाला होता.

मी चिठ्ठी काढली. "बॅटरी किती चालते?"

"लाइन (वीज) गेली तं तासभर," सून म्हणाली. "मंग शेजारच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढतो."

"बंद करून पुन्हा चालू करून बघू?"

म्हातारीचे बोट थांबले. "काहून (का)? चालूच तं हाय. माह्या पोराचा डाव हाय. अर्धा टाकून राहत नाही तो."

मग तीच चहा ठेवायला उठली. "बसा इथं, भाऊ. बोट फिरवत राहा. विझू देऊ नका."

ती आत जाताच सून कुजबुजली, "दोन वर्षं झाले, गाडीवरून पडून गेले ते. याच घरातून नेलं, सासूबाईच्या डोळ्यांदेखत. हा लॅपटॉप झोपला की पासवर्ड मागते, अन् तो त्याईलेच माहीत होता. आमी दोघी पाळीपाळीनं जागतो. मले झोपेतबी बोट फिरवा लागते. तुमी बंद करा ना, भाऊ. गिऱ्हाइकानं केलं म्हणजे झालं. त्याच्यासाठीच तं विकाले काढला."

आत कपबशा वाजत होत्या. डावात काळ्या तिर्रीवर लाल दुर्री सरळ बसत होती. दोन वर्षे तिला कुणी हलवले नव्हते. पडदा मंद झाला. तो बंद व्हायला मला बटणसुद्धा दाबावे लागणार नव्हते. नुसते बसून राहायचे होते, आणि नुसते बसण्यात माझा हात धरणारा आमच्या घराण्यात कुणी नाही. सून डोळे मिटून उभी होती.

माझे बोट सरकले. पडदा उजळला.

सुनेने डोळे उघडले. नंतर माझ्याकडे पाहिलेच नाही. चहा फार गोड होता.

परतल्यावर लेकीला नवाच घेतला. रोज आम्ही जेवायला बसतो, तिच्या टेबलावरचा पडदा मंद होतो आणि मी खरकट्या हाताने उठतो.

"बाबा, होऊ द्या ना बंद," ती हसते. "पासवर्ड मला माहीत आहे."

आम्हालाही सांगून ठेव, असे ओठांवर येते. जेवताना कसे म्हणायचे?