नानांच्या मोटरसायकलची मागची सीट

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओतूरच्या स्टँडवर भजी खात होतो. हातातलं भजं संपवूनच उठलो, हे लिहायला लाज वाटते. पण खाण्यापुढे माझं डोकं चालत नाही, हे आमच्या घरात जुनंच आहे. नानांचा मी जो अपराध केला, त्याची सुरुवातही खाण्यापासूनच...

नाना माझे थोरले चुलते. ते आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, बाजाराला असो की लग्नाला, नानांच्या मोटरसायकलवरूनच जायचे. नाना पुढं, आण्णा मागं. मग आमदार वारले, पोटनिवडणूक लागली आणि दोघे भाऊ दोन उमेदवारांचे झाले. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर चिठ्ठ्या द्यायची दोन टेबलं, समोरासमोर. आण्णा पहिल्यांदाच उमेदवाराच्या जीपमधून आले. मी कॉलेजात होतो, आण्णांच्या टेबलावर मतदारयादी चाळत जग बदलत होतो. दुपारी नानांनी खुणेनं बोलावलं, फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा हातात दिला.

"तुज्या बापाला दे. आन् सांग, संध्याकाळी जीपमदी बसू नको म्हनावं. मी गाडी घिऊन थांबतो."

मला त्यात विरोधकांचा डाव दिसला! भाकरी मी शाळेमागं जाऊन खाल्ली आणि निरोपही तिच्याबरोबर गिळला. संध्याकाळी नाना फाटकाशी गाडी चालू ठेवून उभे होते. आण्णा सगळ्या गावादेखत जीपमधून निघून गेले. पुढं दोघं कधीच बोलले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी दोन्ही घरी पोटभर जेवत राहिलो... आण्णा गेले, तरी सांगितलं नाही.

नाना शेवटचे भेटले ते मंचरच्या दवाखान्यात. "लई सुटलास राव, पोट बघ जरा," म्हणाले. मग एकदम, "त्या दिशी बापाला निरोप दिला व्हता न्हवं?"

"दिला होता, नाना." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "आसं व्हय. मला इतकी वर्सं वाटायचं, तू इसरला आसशील..."

मी त्यानंतर तासभर तिथंच होतो. मोसंबी सोलत बसलो.

दहाव्यानंतर चुलतभाऊ दिलीपबरोबर ती मोटरसायकल बघायला गेलो, तिच्यापाशी उकिडवा बसलो. इतकी वर्षं नाना तिच्यावरून एकटेच फिरले, मागं कुणाला बसू देत नसत. मागच्या माणसानं पाय ठेवायच्या दांड्या मात्र दोन्ही बाजूंना उघड्या होत्या, तेल दिलेल्या, वर नवं कोरं रबर.

"दवाखान्यात जायच्या आदीच बसवलं," दिलीप म्हणाला. "म्हनलं, नाना, कुनासाठी? तर म्हनले, आसू दे."

आतून जेवायला हाक आली. मला काही उठवेना.