सर्व्हेअर येण्याआधी बांधलेली भिंत

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास अंजूरमधल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराची मागची भिंत पडली. गोदामाचा रस्ता चुकलेला ट्रेलर मागे घेताना तिच्यावर आदळला. आई पुढच्या खोलीत होती. कोणाला इजा झाली नाही.

मी भिवंडीत ऑफिसात होते. घरी पोचायला सहा वाजले. तोपर्यंत ड्रायव्हरने माफी मागितली होती, आईने त्याला पाणी दिलं होतं आणि ट्रेलर मानकोलीकडे निघून गेला होता. शेजारचे काका गवंडी आहेत. ते आणि त्यांचे दोन भाऊ जुन्या विटा साफ करून भिंत पुन्हा चढवत होते. स्वयंपाकघर रस्त्यावर उघडं टाकून घरात राहता येणार नाही, याबद्दल आळीत कोणाचं दुमत नव्हतं. नवी भिंत चार इंचांची झाली. आधीची नऊ इंचांची होती. ही नुसती आडोशाला आहे, पावसाळ्याआधी पक्की बांधावी लागेल, असं काकांनी सांगितलं.

पक्की भिंत विम्यातून होईल असं मी धरलं. गृहकर्जाच्या कागदांत घराची पॉलिसी होती. सही माझीच होती. मी ती वाचली नव्हती. त्या रात्री तीनदा वाचली. वाहनाच्या धडकेने झालेलं नुकसान चौथ्या पानावर भरपाईत होतं. विमा इमारतीचा होता, घरातल्या वस्तूंचा नव्हता. तडकलेला ओटा इमारतीत धरायचा की वस्तूंत, ते कळेना. हेल्पलाइनवर दोन वेळा विचारलं, दोन उत्तरं मिळाली. बँकेने कंपनीकडे पाठवलं. कंपनीने बँकेचं पत्र मागितलं. पाहणीआधी दुरुस्ती करू नये, हे वाक्य अकराव्या पानावर होतं. तिथे मी गुरुवारी पोचले.

दाव्याची पाहणी करायला विमा कंपनीचे सर्व्हेअर शनिवारी आले. कंपनीचे साहेब येणार म्हणून आईने आदल्या दिवशी भिंतीला आतून चुना लावला होता.

“पडलेली भिंत कोणती?” त्यांनी विचारलं.

“हीच, साहेब,” आई म्हणाली.

“ही तर उभी आहे.”

“पडली व्हती. तुमी येईपर्यंत चूल रस्त्यावर मांडायची व्हती का?”

त्यांनी पडलेल्या भिंतीचा फोटो मागितला. कोणी काढला नव्हता. जुन्या विटा मागितल्या. त्या भिंतीत होत्या. ते बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले की धडक कोपऱ्यातल्या पिलरला बसली असेल, तर खूण तिथे असणार. पिलर नव्या भिंतीच्या आड गेला होता.

“म्हंजे दाखवायला पाडायची?” आईने विचारलं.

“पाडा असं मी म्हणत नाही. पण दिसल्याशिवाय मला लिहिता येणार नाही.”

आपणच पाडली तर ते मालकाने केलेलं नुकसान धरतील का, असं मी विचारलं. ऑफिसला विचारून सांगतो, असं ते म्हणाले. बुधवारपर्यंत त्यांचा फोन आला नाही. बुधवारी तेच आले.

आई फक्त कोपऱ्याला तयार झाली, तेही त्याच दिवशी परत बांधायच्या अटीवर. काकांनी छिन्नी घेतली. “तिसऱ्यांदा बांधायला लावली तर भिंतीवर माझं नाव घालीन हां, वहिनी,” ते म्हणाले. आईने त्यांना आधी चहा दिला.

विटा निघाल्यावर पिलर दिसला. त्याला तिरकी चीर होती आणि चिरेच्या कडेला निळा रंग घासलेला होता. ट्रेलर निळा होता, हे आई आणि काका दोघांनी सांगितलं. सर्व्हेअरनी ते लिहून घेतलं आणि पट्टी लावून फोटो काढले. चीर नवी की जुनी, हे मी दोनदा विचारलं. ते रिपोर्टमध्ये येईल, असं त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं. रिपोर्टची प्रत मला मिळणार का, यावर ते म्हणाले की तो कंपनीकडे जातो. ते गेल्यावर काकांनी कोपरा बुजवला.

एप्रिलच्या शेवटी कंपनीचा मेसेज आला. रिपोर्ट मिळाला असून तीस दिवसांत निर्णय कळवू, असं त्यात होतं. तीस दिवस काल पूर्ण झाले. आज सकाळी दहा वाजता ॲपवर दाव्यापुढे ‘विचाराधीन’ असं दिसत होतं.