आखाडातली पेशंट

उठाताईंसमोर कुणी निवांत बसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. चहाचा कप खाली ठेवला रे ठेवला की हुकूम सुटायचा, "चला, उठा. दोन चकरा मारून या, मग दुसरा कप." पाहुणा असो, प्लंबर असो, नाहीतर शेजारच्या शर्मा आंटी. म्हणून तर चंदीगडच्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांचं खरं नाव कधीच बाजूला ठेवलं होतं. मूळच्या कोल्हापूरच्या. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागल्या आणि लकवा झालेले, हाडं मोडलेले, खाटेला खिळलेले लोक चालते करण्यात केस पिकवून बसल्या. बसल्या म्हणजे नुसतं म्हणायचं हो, बसल्या कुठल्या!

मी सेक्टर ३९ मधल्या एका संस्थेत संशोधनाला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. दिवसभर मायक्रोस्कोपपुढे बसते असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी रोज दारू पिऊन येते. दुसऱ्या दिवसापासून मला गच्चीवर व्यायाम लागू झाला. रडले, चिडले, सोंगं केली. काही उपयोग नाही.

पेशंटला तोंडावर त्या 'पेशंट' म्हणत नसत आणि 'बिचारा' तर चुकूनही म्हणत नसत. "कीव केली की माणूस आणखी खाली बसतो," असं त्यांचं मत. एकदा मी त्यांना हॉस्पिटलात डबा द्यायला गेले, तेव्हा एक धिप्पाड सरदारजी दोन दांड्यांमध्ये उभे राहून लहान पोरासारखे मुसमुसत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, "रो लो जी, पर खडे खडे." सरदारजींना रडता रडता हसू फुटलं आणि त्या नादात त्यांनी एक पाऊल टाकलं.

तर अशा बाईंच्या घरी आखाडात एक कोंबडी आली.

आता इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. म्हणजे शेजारीपाजारी कांदा-लसूण सोडून शंकराला पाणी घालत असतात, तेव्हा आमचा आखाड ऐन रंगात असतो आणि ताईंकडे आम्हा मराठी मंडळींचं कोंबडीचं जेवण ठरलेलं असतं. शर्मा आंटी दरवर्षी हादरून विचारायच्या, "सावन में मुर्गी?" आणि ताई दरवर्षी ठणकावून सांगायच्या, "हमारा अभी लगा नहीं जी." त्या साली आमचा नेहमीचा कोंबडीवाला सावनात धंदा नसतो म्हणून गावी निघून गेला. मग मोहालीत नोकरी करणारा आमचा मालवणी सावंत जवळच्या खरड गावापलीकडल्या एका खेड्यातून जिवंत गावरान कोंबडी घेऊन आला. दोन्ही पाय सुतळीनं करकचून बांधलेले आणि ती मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगलेली. "ताई, मसाला काढा!" त्यानं दारातूनच आरोळी ठोकली.

ताईंनी सुतळी सोडली आणि कोंबडी जमिनीवर ठेवली. ती उभीच राहीना. एक पाय लुळा पडलेला, दुसरा सुजलेला. ताई खाली वाकल्या, बोटांनी तिचे सांधे चाचपले, आणि मग मी त्यांच्या तोंडून जन्मात विसरणार नाही असं वाक्य ऐकलं, "हिला कापायची नाही. ही पेशंट आहे."

"अहो ताई, ती कोंबडी आहे!"

"लुळ्या पायानं माझ्या दारात आली, पेशंट झाली. पेशंटला खात नसतात, सावंत."

सावंत वर्षभर ताईंच्या हातच्या तांबड्या रश्श्याची वाट बघत होता. मीही. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा कोंबडीच्या पायांपेक्षा रश्श्याचीच काळजी होती. बराच वाद झाला आणि शेवटी तह ठरला. जेवण पुढे ढकलायचं, आखाडातल्या शेवटच्या रविवारपर्यंत. तोवर कोंबडी स्वतःच्या पायांनी चालली तर ती ताईंची. नाही चालली तर सावंतची, आणि मग ताईंनी चकार शब्द काढायचा नाही. ताईंनी हात पुढे केला, "झालं तर मग."

दुसऱ्याच दिवशी त्या तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. हाड मोडलेलं नव्हतं, नस दबली होती. पुढचं हिच्या नशिबावर, असं डॉक्टर म्हणाले. घरी येईपर्यंत ताई धुमसत होत्या. "नशिबावर म्हणे! मग मी काय करायचं? पापड लाटू?" घरात पेशंटचा एक जुना वॉकर पडून होता. बाजाराच्या कापडी पिशवीला पायांपुरती दोन भोकं पाडून त्यांनी ती वॉकरमध्ये टांगली आणि कोंबडीला तिच्यात बसवलं. पाय खाली लोंबते, बोटं जेमतेम फरशीला टेकलेली, वर चोच आणि रागीट डोळे. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याचा शेक. मग पाय धरून सायकल चालवल्यासारखा व्यायाम. आणि समोर बाजरी, ती मुद्दाम जरा लांब ठेवलेली.

शर्मा आंटी हे बघायला आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सावन में कितना पुण्य कमा रही हो, बहनजी!" ताईंनी त्यांनाही शेकाचं पाणी तापवायला लावलं.

पण पेशंट काही सुधारेना. उलट बिघडली. झोळीतून काढून उभी केली की तिचे दोन पाय दोन दिशांना फाकायचे आणि ती पोटावर आपटायची. सावंत हळूच येऊन बघून जायचा आणि फोनवर खोबरं कुठे चांगलं मिळतं याची चौकशी करायचा. मला मात्र एव्हाना त्या रश्श्याचा विचारसुद्धा नकोसा झाला होता. ताईंचं जेवण कमी झालं. एके दिवशी त्या कोंबडीकडे बघत कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. हो, बसून!

आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, फरशी!" हॉस्पिटलातल्यासारखी लखलखीत पुसलेली मोझॅकची फरशी हवी, म्हणून त्या दिवसातून दोनदा पुसून घ्यायच्या. "पेशंटच्या पायांत रबरी तळाचे बूट असतात. हिच्या पायांत कुठले? घसरणारच! जन्मभर माणसं चालवली, त्यामुळं डोक्यात आलंच नाही बघ. मीच पाडत होते की हिला!" लगेच तांदळाचं रिकामं पोतं उसवलं, व्हरांड्यात ताणून अंथरलं आणि कोंबडीला त्यावर ठेवलं. तिनं तागात नखं रुतवली. पडली नाही. उभी पण राहिली नाही, पण पडली नाही. ताईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला.

रविवार उजाडला. सगळी मंडळी जमली. सावंतनं मसाला वाटून आणला होता, भाकरीचं पीठसुद्धा. पोत्याच्या एका टोकाला कोंबडी, दुसऱ्या टोकाला बाजरी. कोंबडी बसलेली. आम्ही तिच्याभोवती गर्दी करून उभे. ती ढिम्म. सावंत घसा खाकरून म्हणाला, "ताई, ठरलंय ते ठरलंय." ताईंचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज करडा होता. "माहीत आहे मला. मागं सरका सगळे. घोळक्यात पेशंट चालत नसतो."

आम्ही सरकलो. कोंबडीनं मान तिरकी करून बाजरीकडे पाहिलं. पंख जरा फुलवले. मग एक पाय, मग थरथरत दुसरा, आणि ती उभी! एक पाऊल टाकलं. झुकली. गेली, असं वाटलं. सावरली! पुढचं पाऊल, त्याच्या पुढचं, आणि मग लंगडत, फडफडत, ती चक्क धावली. असा गलका झाला म्हणून सांगू! शर्मा आंटी टाळ्या पिटत होत्या. शिट्टी कुणी मारली म्हणून वळून बघते तर सावंत! वाटलेला मसाला हातात तसाच आणि हा पठ्ठ्या शिट्ट्या मारतोय.

ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर डोळे पुसत म्हणाल्या, "आमचे पेशंट बरे झाले की घरी जातात गं. पुढं चालतात का परत खाटेवर पडतात, कधी कळत नाही. एवढी माणसं उठवली, एकालासुद्धा त्याच्या घरात चालताना बघितलं नाही." मग नाक ओढून गर्जल्या, "सावंत, अंडी उकडायला टाक! रस्सा व्हायलाच पाहिजे!" त्या दिवशीचा अंड्याचा तांबडा रस्सा आम्ही बोटं चाटून संपवला.

दिवाळीनंतर ताई निवृत्त झाल्या आणि भावाकडे कोल्हापूरला निघाल्या. कोंबडीचं काय, हा प्रश्न आम्ही विचारायच्या आतच सावंत पिशवी घेऊन हजर. खरडला त्याच्या भाड्याच्या घराला मातीचं अंगण आहे. स्टेशनवर आम्ही सगळे रडत होतो. ताई तेवढ्या कोरड्या होत्या. गाडी हलली तरी दारात उभं राहून सावंतला पोतं कधी बदलायचं ते सांगत होत्या.

सावंत अजून कोंबडी खातो, पण बाहेर. घरी करत नाही. "तिच्यासमोर बरं दिसत नाही," म्हणतो. दर रविवारी तो ताईंना व्हिडिओ कॉल लावतो. पहिल्या वेळी त्यानं हौसेनं स्वतःचा चेहरा दाखवला, तर ताई खेकसल्या, "तुझं तोंड काय बघायचंय? खाली धर फोन." तेव्हापासून तो अंगणात उकिडवा बसून फोन जमिनीलगत धरतो. कोंबडी माती उकरत इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. ताईंचं बघून झालं की पलीकडून आवाज येतो, "चालतीय की रे, तिच्या घरात." आणि फोन बंद होतो.