पिवळी टोपी, थांबा

पार्वताबाई बांते कामावर जायची ती बसायला. कारध्यात किंवा आसपास कुणाच्या स्लॅबवर सोलर लागणार असलं की वर तिचा नवरा तेजराम आणि मुलगा निकेश चढायचे, आणि खाली अंगणात पार्वताबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. डबा मांडीवर, नजर वर. घरमालकीण चहा घेऊन आली तरी कपाकडे न पाहता ती चहा प्यायची.

याला कारण होतं. तेजरामला उलटं चालायची सवय होती. पॅनलची ओळ लावून झाली की ती सरळ आली का हे पाहायला तो पॅनलकडे तोंड करून मागे मागे सरकायचा. ओळ नेहमी सरळच असायची. करडी गावात एकदा असंच पाहता पाहता तो गोठ्याच्या छतावरून खाली आला. खाली तणसाचा ढीग होता म्हणून हातावर निभावलं. म्हशीनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. हाताचं प्लास्टर निघालं आणि पुढच्या कामाला पार्वताबाई खुर्ची घेऊन हजर झाली.

"तू येऊन काय करशीन?" तेजरामनं विचारलं.

"पडले तं पाहाले कोनी पाहिजे ना," ती म्हणाली.

आतापर्यंत तेजराम नागपूरच्या एका ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचा. पॅनल तेजरामनं लावायचे, पाटी ठेकेदाराची लागायची. स्वतःच्या नावानं काम घ्यायचं तर सरकारी मान्यता पाहिजे होती आणि मान्यतेसाठी सुरक्षेची फाइल. निकेशची बायको खुशबू बी.कॉम. झालेली, तिच्याकडे ती फाइल आली. तिनं पहिल्यांदा कुठूनशी तयार फाइल मिळवली, वरचं नाव बदललं आणि पाठवून दिली. ती परत आली. सोबत एका ओळीचा शेरा होता: छतावर साचलेला बर्फ हटवण्याची पद्धत दिली आहे, भंडारा जिल्ह्यात बर्फ कुठे पडतो ते कळवावे.

मग खुशबू सासूसमोर लॅपटॉप घेऊन बसली.

"आई, स्लॅबवर धोका कशाकशाचा असते?"

पार्वताबाई लसूण सोलत होती. "वड्यांचा," ती म्हणाली.

"वड्यांचा?"

"वड्या वाळत घातल्या रायते. बाई म्हंते, माह्या वड्यांवर पाय देऊ नोका. मंग मानूस वड्या वाचवाले कडेकडेनं चालते. लाखोरीची डाळ वेगळी, मिरच्या वेगळ्या. माकडं. आन चहा."

"चहा कायले?"

"चहा आला म्हनलं का मानूस दोरी सोडते. पिऊन वर जाते, मंग दोरी बांधाचा कंटाळा करते."

खुशबूनं हे सगळं कागदी मराठीत लिहिलं. 'छतावरील वाळवण काम सुरू होण्यापूर्वी हटवून घेण्यात येईल.' 'चहा खाली उतरूनच घेतला जाईल व पुन्हा चढताना दोरी तपासली जाईल.' लिहिता लिहिता तिला हुरूप आला. जमिनीवरून लक्ष ठेवणारी व्यक्ती म्हणून तिनं सासूचं नाव घातलं, कारण ते काम पार्वताबाई करतच होती. आणि त्याखाली स्वतःच्या मनानं एक वाक्य टाकलं: 'धोका दिसताच ही व्यक्ती संबंधित कामगारास नावाने हाक मारून थांबवेल.' वाक्य चांगलं वाटलं म्हणून तिनं ते ठळक केलं.

फाइल पास झाली. आता प्रत्यक्ष पाहणी उरली होती. त्यात नापास झालं तर पुढची तारीख पावसाळ्यानंतर, आणि तोवर गावातल्या स्लॅबवर ठेकेदाराच्या पाट्या लागून जाणार होत्या.

पाहणी गावातल्या कवडूभाऊच्या घरी ठरली. कवडूभाऊच्या स्लॅबला कठडा नाही; पैसे आले की बांधू म्हणता म्हणता त्याचे केस पांढरे झाले. तपासायला एक तरुण मॅडम आल्या. तेजरामनं पिवळं हेल्मेट घातलं, निकेशनं पांढरं. दोघांच्या कमरेला पट्टे, पट्ट्यांना दोऱ्या. वड्या हटवल्या होत्या. मॅडमनी बूट पाहिले, औषधाची पेटी उघडून पाहिली, मान डोलावली. शेजारच्या बाया भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "हे दोघं पॅनल उचलून चालतील. मी हात वर केला की काकूंनी तेजरामजींना थांबवायचं. फक्त त्यांना."

दोघं पॅनल घेऊन चालू लागले. मॅडमनी हात वर केला.

"अवो!" पार्वताबाईनं हाक मारली.

तेजराम थांबला. कवडूभाऊ घरातून बाहेर आला. पलीकडच्या स्लॅबवर टाकी धुणारा माणूसही हातातला ब्रश थांबवून पाहू लागला.

"काकू, असं नाही. कुणाला हाक मारली ते कळायला हवं."

पुन्हा पॅनल उचललं. पुन्हा हात वर झाला.

"निकेशचे बाबा!"

स्वतःचं नाव ऐकून निकेश जागीच थांबला. तेजराम चालत राहिला. पॅनल मध्येच ओढलं गेलं, कलंडलं आणि तेजरामच्या गुडघ्यावर आपटलं. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

"काकू, तुमच्याच फाइलमध्ये आहे. नावाने हाक मारून. ठळक अक्षरात आहे."

पार्वताबाईनं खुशबूकडे पाहिलं. खुशबू औषधाच्या पेटीकडे पाहू लागली.

"नाव नाही घेत मी त्यायचं," पार्वताबाई म्हणाली.

"का?"

"लगन झाल्यापासून नाही घेतलं."

मॅडम म्हणाल्या, "मी माझ्या मिस्टरांना नावानेच हाक मारते. कौस्तुभ."

"बरं हाये," पार्वताबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

वरून तेजराम म्हणाला, "घे ना व एकदा. येवढी फाइल केली."

"उखान्यात घेतो."

मॅडमना वाटलं, हेही करून पाहावं. पॅनल उचललं. हात वर झाला. पार्वताबाईनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली:

"वैनगंगेच्या थडीवर धान पिकला दाट,
तेजरामराव चढले वरती, मी पाहतो वाट."

भिंतीजवळच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तोवर पॅनल स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं आणि तेजरामची दोरी पुरती ताणली गेली होती.

"ते पडले असते," मॅडम म्हणाल्या.

"हो जी," पार्वताबाईनं कबूल केलं.

"मग सूनबाई थांबवतील का?"

"मामाजीचं नाव?" सासऱ्याकडे पाहत खुशबू एवढंच म्हणाली. निकेशला खाली बसवावं तर वर पॅनलचं दुसरं टोक कोण धरणार, हा प्रश्न होता. मॅडमनी बराच वेळ फाइलवर पेन धरून ठेवलं.

"काकू, आत्ता इथे कोणी तुम्हाला हसणार नाही."

"हासाचं नाही जी. खरंच पडाले आले असते तं पाहिलं असतं. लटकं लटकं कायले घ्याचं नाव?"

मॅडमनी फाइल मिटली. "पुढच्या तारखेला पाहू," त्या म्हणाल्या आणि गाडीची चावी शोधू लागल्या.

कवडूभाऊच्या बायकोनं चहा आणला. तेजराम खाली उतरला, दोरी सोडली, चहा प्यायला, आणि आता काही उरलंच नाही तर निदान पॅनल तरी नीट ठेवून यावं म्हणून पुन्हा वर गेला. निकेश मागून गेला. दोरी कुणी बांधली नाही. तेजरामनं पॅनल ओळीत ठेवलं. मग सवयीनं ओळ सरळ आली का पाहायला तो मागे सरकू लागला. एक पाऊल, आणखी एक.

चहाचा कप हातात असलेल्या पार्वताबाईनं वर पाहिलं. मॅडमनीही पाहिलं; सापडलेली चावी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"पिवळी टोपी, थांबा!"

तेजराम थांबला. त्याची टाच स्लॅबच्या बाहेर होती. कवडूभाऊ घरातून बाहेर आला नाही. टाकी धुणारा टाकी धूत राहिला. पांढऱ्या हेल्मेटचा निकेश वायर गुंडाळतच होता, बाप कुठे पोचलाय हे त्याला नंतर कळलं.

"इकडं या. समोर," पार्वताबाई म्हणाली. तेजराम समोर आला आणि बसला. कपातला चहा थोडा तिच्या लुगड्यावर सांडला होता. तो तिनं पुसला नाही.

मॅडमनी चावी पर्समध्ये टाकली आणि फाइल उघडली. आधी चहा आणि दोरीचं पान काढून ते तेजरामला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं खालमानेनं वाचलं. मग त्यांनी विचारलं, "टोपीचे रंग हेच राहतील?"

"राहतीन जी," खुशबू म्हणाली.

"मग तसं लिहा. आणि आता दोरी बांधून पुन्हा करून दाखवा."

दोरी बांधून पुन्हा करून दाखवलं. खुशबूनं तिथेच बसून वाक्य बदललं: 'संबंधित कामगारास हेल्मेटच्या रंगाने हाक मारून थांबवेल.' या वेळी तिनं ते ठळक केलं नाही.

मान्यतेचा कागद आला तेव्हा तेजरामनं तो दोनदा वाचला, मग पार्वताबाईपुढे धरला. त्यावर त्याचं पूर्ण नाव होतं. तिनं हात पुसून कागद घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि देव्हाऱ्याजवळ ठेवला. "जेवाले बसा," ती म्हणाली.

पावसाळ्याआधी कामं वाढली. निकेशचं पांढरं हेल्मेट तडकलं म्हणून तो भंडाऱ्याहून नवीन घेऊन आला. दुकानात पांढरं नव्हतं, त्यानं पिवळं आणलं. पार्वताबाईनं पिशवी उघडून पाहिली आणि तशीच बंद केली.

"वापस करून ये."

"काहून? चांगलं तं हाये."

"चांगलं हाये," पार्वताबाई म्हणाली. "पन आपल्या घरी पिवळी एकच."