वाफेचे घोडे आणि हौसामावशींचा प्रश्न

दाऊदमास्तरांची आणि माझी पहिली भेट लोणावळ्याच्या शाळेत झाली, आणि धुक्यामुळे ती अर्धीच झाली असे म्हणावे लागेल. श्रावणातले धुके खिडकीतून वर्गात शिरले होते. त्यातून एक शांत आवाज आला, "जोशीमास्तर, तुमच्या कोकणात इंजिनाचं बळ कशात मोजतात हो?" मी नुकताच रुजू झालेला. गावघर विचारायचे सोडून गृहस्थ इंजिनाचे बळ विचारतात, म्हणजे स्वारी जरा हललेली दिसते, असे माझे मत झाले. पुढे ते मी बदलले, पण सगळेच नाही.

मास्तरांना एका शब्दाचे वेड आहे. तो शब्द अश्वशक्ती. घाटावर धरणांची कामे निघाली, तेव्हा देशोदेशीचे इंजिनियर खंडाळ्याच्या बंगल्यांत उतरत. सुट्टीच्या दिवशी मास्तर त्यांच्या फाटकाशी जाऊन आदबीने विचारीत, की साहेब, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? जर्मन माणूस घोड्याचे बळ म्हणतो, फ्रेंच आणि इराणी वाफेचा घोडा म्हणतात. तुर्क त्याला बेगिर म्हणतात, म्हणजे ओझ्याचा घोडा, आणि आपल्या घोडदळातला बारगीर हा शब्द त्याच कुळातला. हे सांगताना मास्तरांचे डोळे आपोआप मिटत. "मला वाटतं, संध्याकाळी हे सगळे घोडे इंद्रायणीवर पाण्याला येत असतील," असे ते म्हणत. "लिदीचा वास आला की मला सांगा," अशी मी थट्टा करी. ते हसत आणि पुन्हा तंद्रीत जात.

त्यांची ही तंद्री एकदाच मोडलेली मी पाहिली. मळवलीला भात सडायच्या गिरणीचे इंजिन आले आणि खंडेनवमीला त्याची पूजा ठरली. गिरणीच्या शेठजींनी चार शब्द बोलायला मास्तरांना बोलावले होते. डोंगरातल्या वाडीवरच्या बाया लोकांचे भात कांडून पोट भरीत. दरवर्षी त्या दिवशी त्या आपल्या घरी मुसळाला हळदकुंकू लावीत. त्या वर्षी त्या मुसळे खांद्यावर टाकून गिरणीतच आल्या आणि ती त्यांनी इंजिनाशेजारी मांडली.

"ही मोडकी लाकडं हितं कशाला आणली? उचला," मुकादम म्हणाला.

"अवजार आहे. राहू द्या," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी आठ अश्वशक्ती म्हणजे काय ते समजावले. ऐकणाऱ्यांत हौसामावशी होत्या, विधवा बाई, कांडपावरच त्यांची चूल पेटे. त्या म्हणाल्या, "मास्तर, घोड्याचं समजलं. पर येका घोड्यात आमी किती बाया? आन ही आठ घोडी आल्यावर आमी कुटं जायाचं?"

इतक्या भाषांच्या दारी जाऊन आलेले मास्तर परतताना रुळांच्या कडेने चालत होते. चालता चालता म्हणाले, "सगळीकडे घोडाच आहे, जोशीमास्तर. मुसळ धरणारी बाई एकाही भाषेत नाही."  

पुढच्या सुट्टीला मास्तर पुन्हा त्याच फाटकांशी गेले. या वेळी शब्द मागायला नव्हे. हातात पिशवी, पिशवीत वाडीवरच्या बायांनी कांडलेला आंबेमोहोर. बंगल्यातल्या ज्या पारशी बाईंनी पूर्वी अश्वशक्तीचा गुजराती शब्द दिला होता, त्यांनीच पहिल्यांदा हातसडीचा तांदूळ लावून घेतला. मग शेजारच्यांनी घेतला. एका बंगल्यावर कुत्रे अंगावर आले, तेव्हा "तिथे कुठलीच भाषा चालली नाही" एवढेच ते म्हणाले. हौसामावशींची चूल विझली नाही. सगळ्या बायांना मात्र काम पुरले नाही. काही जणी बंगल्यांवर भांडी घासायला गेल्या, आणि त्यांची नावे मास्तर आजही मधूनच काढतात.

यंदा मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. परवा बाजारात हौसामावशी भेटल्या. आता पुरत्या वाकल्या आहेत.

"मास्तर, घोड्यावानी बाईच्या नावाचा शबुद घावला का कुटं?"

"नाही, मावशी. पण अजून बऱ्याच भाषा राहिल्यात."

"मंग वर जायाची घाई करू नगा. समद्या हुडका, मंग बगू."

जगात भाषा किती आहेत, मला ठाऊक नाही. त्या पुष्कळ असोत, आणि प्रत्येकीच्या दारी चालत जाण्याएवढे आयुष्य व धड गुडघे दाऊदमास्तरांना लाभोत.