अर्धा चावलेला कांदा

चाकणच्या बाजारात कांद्याचा वास आला, की दारूबंदीच्या काळातली एक संध्याकाळ आठवते. तेव्हा आई मला दुष्ट वाटली होती. वडिलांनी हातभट्टीची दारू नुकती सोडली होती. ते दारात आले आणि कच्च्या कांद्याचा भपकारा आला. पिणारे वास मारायला कांदा खातात, हे आईला पाठ होतं. तिने त्यांचं तोंड हुंगलं, पिशवी उलटी केली. त्यातून अर्धा चावलेला कांदा घरंगळला.

"काय लपिवताय?"

"तल्लफ," वडील म्हणाले. "भट्टीच्या वाटंनं येताना जीव वढतो. मग कांद्याला दात लावतो. डोळ्यांत पानी येतं, पन पाय पुढं पडत्यात."

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भाकरीसोबत एक कांदा जास्त बांधला. संध्याकाळी तोंड मात्र हुंगलंच.