स्वस्तातला स्कोप
शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासाने शारजाच्या वाळवंटातली शूटिंग रेंज आठवते. लेक तिथे नेमबाजी शिकायची. नवी पॉइंट टू-टू रायफल आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून तिच्या सरांनी क्लबच्या दोन जुन्या रायफली तेलपाणी करून टेबलावर ठेवल्या. "ये सस्ती है, स्कोप के साथ," ते म्हणाले. रायफल रिकामी होती. मी तिच्यावरच्या स्कोपच्या दुर्बिणीला डोळा लावला. भर दुपारी, टार्गेटमागच्या वाळूच्या बांधावर पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला, एक माणूस पाठमोरा बसला होता. "थांबा, तिथे कुणीतरी आहे!" मी ओरडले. फायरिंग थांबवून सर गाडीने बांधापर्यंत गेले आणि तिथूनच 'कुणी नाही' म्हणून हात हलवू लागले. नुसत्या डोळ्यांनी मलाही ते एकटेच दिसत होते. लेकीने स्कोपमधून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मम्मा, ही इज बिहाइंड सर." सर हसत परतले. आम्ही ती स्कोपवाली रायफल टेबलावर ठेवून दुसरी घेतली. आता लेक नोकरीला आहे. सर दर दिवाळीला स्वतःचा फोटो पाठवतात. लेक तो आधी मोठा करून त्यांच्या मागे कोण आहे ते बघते, मगच मला दाखवते.